सैनिकाचे घर आणि निवडणुकीची नेमणूक : वाचकांचे प्रश्न

मतदान केंद्रावरील कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीविषयी या सदरात मागे एक छोटे उत्तर दिले होते. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे सैनिकांच्या घरांतून आली आहेत. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत काम करताना हेच प्रश्न मी समोरासमोर ऐकले आहेत आणि त्यांतील काही चुकांची किंमत एका मताने मोजावी लागते हेही पाहिले आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे पती सैन्यात हवालदार असून सध्या पठाणकोटला आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून सासू-सासऱ्यांसोबत गावीच राहते. प्रत्येक निवडणुकीत मला मतदान अधिकारी म्हणून नियुक्ती आदेश येतो. सैनिकाच्या पत्नीची अशी नेमणूक करता येते का? शिवाय गेल्या वेळी प्रशिक्षणात टपाली मतदानाचा अर्ज भरताना माझे नाव गावच्या यादीतच नसल्याचे कळले आणि मला मत देता आले नाही. असे कशामुळे झाले असेल? (एक शिक्षिका, जि. सातारा)

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करू. निवडणुकीच्या कामावर कोणाला नेमायचे हे त्या व्यक्तीच्या नोकरीवरून ठरते, तर ती व्यक्ती कोठे मत देणार हे तिच्या राहण्यावरून ठरते. घरातील कोणी सैन्यात आहे ही बाब पहिल्या प्रश्नात कोठेच येत नाही, दुसऱ्यात मात्र ती निर्णायक ठरू शकते.

नेमणुकीचा आधार असा आहे. केंद्र आणि राज्य शासनाचे कर्मचारी संविधानाच्या अनुच्छेद ३२४ (६) नुसार निवडणूक आयोगाला उपलब्ध करून दिले जातात. स्थानिक प्राधिकरणे, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, शासकीय कंपन्या आणि शासनाच्या निधीवर पूर्णतः किंवा मुख्यतः चालणाऱ्या संस्था यांनी आपले कर्मचारी द्यावेत, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चे कलम १५९ सांगते. जिल्हा परिषद हे स्थानिक प्राधिकरण असल्यामुळे आपण या कलमात येता. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असा दंडक बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे खरा, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे तीन अपवाद त्याच कलमात आहेत. प्रत्यक्ष केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी १९५१ च्या अधिनियमातील कलम २६ नुसार जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, नेमतात. त्या कलमात अपात्रता एकच आहे : जी व्यक्ती त्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराकडे कामाला आहे किंवा त्याच्यासाठी काम करत आहे, तिला नेमता येत नाही. सैनिकाची पत्नी, पती, मुलगा किंवा सून असा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे आपली नेमणूक नियमाला धरूनच आहे.

आता नाव गेले कोठे, ते पाहू. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २० प्रमाणे सेनादलातील व्यक्ती नोकरीसाठी कोठेही असली, तरी तिचे सर्वसाधारण वास्तव्य तिच्या मूळ गावीच आहे असे मानले जाते. तिचे नाव तेथील मतदारसंघाच्या मतदारयादीच्या अखेरच्या भागात, सैनिक मतदारांच्या यादीत, लागते. सैनिकासोबत राहणाऱ्या जोडीदारालाही हीच सोय मिळते आणि त्यासाठी जोडीदाराला वेगळा अर्ज करावा लागत नाही. सैनिक जो नमुना २ भरतो, त्यातच जोडीदार आपल्यासोबत राहत असल्याचे निवेदन असते. अडचण येथेच होते. युनिटमध्ये अनेक जवानांचे अर्ज एकाच वेळी भरले जातात आणि पत्नी गावी राहत असतानाही ते निवेदन तसेच पुढे जाते. मग पत्नीचे नाव सैनिक मतदारांच्या भागात लागते. एका व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही, त्यामुळे गावच्या सर्वसाधारण यादीतील तिची नोंद वगळली जाते. सैनिक मतदाराची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने युनिटकडे जाते, म्हणजे तिची मतपत्रिका पठाणकोटला पोहोचते आणि ती स्वतः साताऱ्यात यंत्रे ताब्यात घेत असते. साहित्य वाटपाच्या दिवशी अशीच एक शिक्षिका माझ्या टेबलासमोर उभी राहून, "सगळ्यांचं मत मी नोंदवून घेणार आणि माझं नाही?" असे म्हणाली होती. त्या दिवशी माझ्याकडे तिला देण्यासारखे काही नव्हते, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपल्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव वाढवता येत नाही.

आपण पतीसोबत राहत नाही, त्यामुळे आपले नाव गावच्या सर्वसाधारण यादीतच असायला हवे. यादीचा अखेरचा भाग एकदा पाहून घ्या. तेथे आपले नाव असल्यास पतीला युनिटमार्फत किंवा अभिलेख कार्यालयामार्फत ते निवेदन दुरुस्त करून घेण्यास सांगा आणि आपण नमुना ६ भरून गावी नोंदणी करा. हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आत्ताच करावे. मतदारयादीसाठी आता वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे मतदाराची पात्रता मोजण्याच्या तारखा, आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे वर्षभर थांबण्याचे कारण उरलेले नाही.

नाव पूर्ववत झाले की पुढचा मार्ग इतर कर्मचाऱ्यांसारखाच आहे. नेमणूक आपल्याच मतदारसंघात असेल, तर नमुना १२-अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, ज्याला आपण सगळे ईडीसी म्हणतो, ते मिळते आणि ज्या केंद्रावर काम असेल तेथेच मत देता येते. दुसऱ्या मतदारसंघात नेमणूक असेल, तर नमुना १२ भरून टपाली मतपत्रिकेवर सुविधा केंद्रात मत द्यावे. मतपत्रिका घरी नेऊन नंतर टाकण्याची जुनी पद्धत आता नाही.

प्रश्न : मी नगरपरिषदेत लिपिक आहे. पती सीमेवर आहेत, घरी आठ महिन्यांचे मूल आणि आजारी सासूबाई आहेत. सैनिक कुटुंब म्हणून मला निवडणुकीच्या कामातून सूट मागता येईल का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : सूट जरूर मागा, मात्र कारण नीट लिहा. "सैनिक कुटुंब" या नावाची सवलत कायद्यात नाही. गरोदर, प्रसूती रजेवरील आणि स्तनदा माता असलेल्या कर्मचाऱ्यांना मतदान केंद्राच्या कामातून वगळण्याच्या आयोगाच्या सूचना मात्र आहेत आणि आपले मूल आठ महिन्यांचे आहे, म्हणून अर्जाचा पहिला आधार तोच असावा. बाळाचा जन्मदाखला जोडा. पती घरी नसल्याचे युनिटचे प्रमाणपत्र आणि सासूबाईंची वैद्यकीय कागदपत्रे त्याला बळ देतील, पण त्यांवर विसंबू नका. अर्ज कार्यालय प्रमुखांमार्फत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जावा, त्याची पोच घ्यावी आणि निर्णय येईपर्यंत प्रशिक्षणाला गैरहजर राहू नये. अर्ज दिला म्हणजे आदेश रद्द झाला असे समजून घरी बसलेल्या अनेकांना मी कारणे दाखवा नोटिशीला उत्तर लिहिताना पाहिले आहे. अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत मतदान अधिकारी १९५१ च्या अधिनियमातील कलम २८-अ नुसार आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर आणि त्याच्या शिस्तीखाली मानला जातो. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कलम १३४ मधील दंड पाचशे रुपयांपर्यंतच असला, तरी खातेनिहाय कारवाईचा मार्ग वेगळा असतो आणि नोकरीत त्याचीच झळ अधिक लागते.

सीमेवर असलेल्या जवानाच्या पत्नीला घर एकटीने सांभाळावे लागते, याचा विचार अधिकाऱ्यांनी आपण होऊन करावा असे मला मनापासून वाटते. परंतु आज तो हक्क म्हणून मागता येत नाही, हे सांगणे माझे काम आहे.

प्रश्न : माझी पत्नी सैनिकी परिचर्या सेवेत अधिकारी आहे. मी तिच्यासोबत राहतो आणि महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पूर्वी मला सांगण्यात आले होते की सैनिक मतदार म्हणून नोंद फक्त पत्नीची होते, पतीची नाही. आजही तसेच आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आता तसे नाही. १९५० च्या अधिनियमातील मूळ शब्द "पत्नी" असा होता, त्यामुळे सैनिकासोबत राहणाऱ्या पत्नीला जी सोय होती, ती महिला अधिकाऱ्याच्या पतीला नव्हती. संसदेने २०२१ मध्ये निवडणूकविषयक कायद्यांत केलेल्या दुरुस्तीने "पत्नी" ऐवजी "जोडीदार" हा शब्द आणला आणि ऑगस्ट २०२२ पासून तो लागू झाला. ही चूक फार आधी सुधारायला हवी होती.

तरीही आपण ही सोय घ्यावी का, याचा विचार करा. आपण शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात असाल, तर निवडणुकीच्या कामाचा आदेश आपल्यालाही येऊ शकतो. आपण दोघे नागपुरातच राहत असाल, तर येथे सर्वसाधारण मतदार म्हणून नोंद करणे आपल्याला अधिक सोयीचे पडेल, म्हणजे नेमणूक झाली तरी ईडीसी किंवा टपाली मतपत्रिका येथेच मिळेल. शांतता क्षेत्रात कुटुंबासह राहणाऱ्या सैनिकालाही सर्वसाधारण मतदार म्हणून तेथे नोंदणी करण्याचा पर्याय असतो. नोंद कोठे तरी एकाच ठिकाणी ठेवायची असते. खोटे निवेदन दिल्यास १९५० च्या अधिनियमातील कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : मी देवळाली छावणी मंडळाच्या शाळेत शिक्षिका आहे आणि पती तोफखान्यात आहेत. छावणी संरक्षण खात्याची असल्यामुळे आम्हाला निवडणुकीचे काम लागू नाही, असे सहकारी म्हणतात. ते खरे आहे का? (एक शिक्षिका, देवळाली)

उत्तर : खरे नाही. छावणी मंडळ हे स्थानिक प्राधिकरण आहे आणि कलम १५९ मध्ये स्थानिक प्राधिकरणांचा स्पष्ट उल्लेख आहे. गणवेशातील सैनिक आणि संरक्षण खात्याच्या आवारात काम करणारे नागरी कर्मचारी यांत गल्लत होते. मतदान पथकात सेनादलातील सैनिक नसतात, नागरी कर्मचारी मात्र असू शकतात.

प्रश्न : मी गृहिणी आहे, पती नौदलातून निवृत्त झाले आहेत. आम्हा दोघांनाही मतदान केंद्रावर स्वयंसेवक म्हणून काम करण्याची इच्छा आहे. नाव कोठे द्यावे? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपल्या इच्छेचा मान राखून सांगतो की आपल्याकडे मतदान अधिकारी म्हणून नाव देण्याची सोय नाही. हे काम नोकरीत असलेल्यांकडूनच करून घेतले जाते. निवृत्तिवेतन म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे माजी सैनिक केवळ माजी सैनिक म्हणून मतदान पथकात येत नाही. मात्र माजी सैनिकांच्या आरक्षणातून तो शासकीय नोकरीत लागला असेल, तर इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे त्याचीही नेमणूक होते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेची नागरिक आहे आणि तिचे पती तेथील नौदलात आहेत. ते टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्टी येथे असताना तिने तेथे मतदार नोंदणी केली. आता त्यांची बदली व्हर्जिनियातील नॉरफोक येथे झाली आहे. मतदान केंद्रावर काम करण्याची तिची तयारी आहे, पण ती पात्र नाही असे तिला सांगण्यात आले. तिने गैर काय केले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या मुलीने काहीही गैर केलेले नाही. तेथील व्यवस्था आपल्यापेक्षा मुळातच वेगळी आहे. अमेरिकेत मतदान केंद्रावरची माणसे सामान्य नागरिकांतून, अल्प मानधनावर घेतली जातात आणि पात्रतेचे नियम प्रत्येक राज्य ठरवते. व्हर्जिनियात हे काम करणारी व्यक्ती त्या राज्याची मतदार असावी लागते. म्हणजे आपल्याकडे जे नोकरीवरून ठरते, ते तेथे मतदार नोंदणीवरून ठरते. २००९ मध्ये झालेल्या एका संघीय कायद्याने सैनिकाच्या बदलीमुळे राज्य सोडावे लागलेल्या जोडीदाराला जुन्या राज्यातील वास्तव्य, मतदानासाठीही, कायम ठेवण्याची मुभा दिली. या मुभेमुळेच तिचे टेक्सासमधील मत शाबूत राहिले आणि व्हर्जिनियात ती मतदार नसल्यामुळे तेथे तिला केंद्रावर काम करता येत नाही. ज्या संरक्षणाने तिचे मत वाचले, तेच येथे तिच्या आड आले.

तिने व्हर्जिनियात नोंदणी केली, तर ती पात्र ठरेल. मात्र त्याआधी तिने कर सल्लागाराशी अवश्य बोलावे. टेक्सासमध्ये वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, व्हर्जिनियात आहे, आणि मतदार नोंदणी बदलणे हा वास्तव्य बदलल्याचा ठळक पुरावा मानला जाऊ शकतो. पुढची बदली कॅलिफोर्नियात झाल्यास तिचा प्रश्न तसाच राहील, कारण तेथेही त्या राज्याचा मतदार असावा लागतो. त्या राज्यात कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या बिगरनागरिकांनाही मर्यादित संख्येने हे काम करता येते, परंतु आपली मुलगी नागरिक असल्याने तिच्या बाबतीत तो मार्ग येत नाही. जावईबापूंचाही विचार असल्यास : सेवेतील सैनिकाला तेथे निवडणूक अधिकारी म्हणून काम करता येते, पण ते कोणत्याही पक्षाच्या वतीने नसावे, गणवेशात नसावे, लष्करी कामात त्याने बाधा येऊ नये आणि आधी वरिष्ठ पातळीवरील परवानगी घेतलेली असावी.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, पती हवाई दलात आहेत. माझे दीर एका उमेदवाराचे मतदान प्रतिनिधी म्हणून बसणार आहेत आणि माझी मतदान अधिकारी म्हणून नेमणूक झाली आहे. मला नकार द्यावा लागेल का? दीर तयार नसतील तर जाऊबाई, ज्या नोकरी करत नाहीत, त्या प्रतिनिधी म्हणून बसू शकतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नकार देऊ नका, माहिती द्या. कलम २६ मधील अपात्रता उमेदवारासाठी स्वतः काम करणाऱ्याला आहे, त्याच्या नातेवाइकाला नाही. तरीही आपल्या दीरांची भूमिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवावी, म्हणजे आपल्याला त्या केंद्रापासून दूर ठेवता येईल आणि मागाहून कोणी बोट दाखवणार नाही. कोणाला कोणते केंद्र द्यायचे हे संगणकीय सरमिसळीने ठरत असले, तरी अशी माहिती आधी हाती असणे सर्वांच्याच हिताचे असते.

जाऊबाई त्या मतदारसंघातील मतदार असतील, तर त्या प्रतिनिधी होऊ शकतात. आपण स्वतः मात्र होऊ शकत नाही, कारण मतदान अधिकाऱ्याने उमेदवाराच्या बाजूने कोणतेही काम करणे कलम १२९ खाली अपराध आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शासकीय सेवकाने मतदान प्रतिनिधी होण्याला कलम १३४-अ मध्ये वेगळी शिक्षा आहे. पती हवाई दलात आहेत म्हणून आपल्या घरातील इतर माणसांवर राजकीय कामाची बंदी येते, हा समज चुकीचा आहे. सेवानियमांचे बंधन सेवेतील व्यक्तीवर असते, घरावर नसते.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार आहे. मुलगा सैन्यात आहे आणि त्याने आपल्या मतासाठी आमच्या सुनेला प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या वतीने मत देणारी व्यक्ती, नेमले आहे. सून शिक्षिका असल्याने तिला निवडणुकीचे काम लागते. मुलाचे मत ती कसे देणार? (एक वाचक, अपशिंगे, जि. सातारा)

उत्तर : सुभेदारसाहेब, ती ते देऊ शकणार नाही. ईडीसी किंवा टपाली मतपत्रिका तिच्या स्वतःच्या मतासाठी आहे. प्रॉक्सी म्हणून द्यायचे मत मुलाच्या मतदान केंद्रावर स्वतः जाऊनच द्यावे लागते आणि त्या दिवशी ती दुसऱ्या गावच्या केंद्रावर असेल. मुलाने प्रॉक्सीचा पर्याय घेतला असल्यामुळे त्याला टपाली मतपत्रिकाही येणार नाही. म्हणजे आहे तसेच राहू दिले, तर त्याचे मत बुडेल.

प्रॉक्सी त्या मतदारसंघातील रहिवासी आणि अठरा वर्षांवरील असावी लागते. ती पत्नीच असली पाहिजे असे कोठेही नाही. मुलाने नमुना १३-ग भरून सुनेची नेमणूक रद्द करावी आणि तिच्या जागी तुमचे नाव द्यावे. हा कागद उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या तारखेआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोहोचायला हवा. युनिटमधून कागद निघून साताऱ्यात येईपर्यंत किती दिवस जातात हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तेव्हा त्याला आजच फोन करावा. मतदानाच्या दिवशी आपल्या स्वतःच्या मताची शाई तर्जनीला लागेल आणि मुलाच्या मताची डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. दोन बोटांना शाई पाहून केंद्रावर कोणी हटकले, तर प्रॉक्सीचा कागद सोबत असू द्या.